सत्कार नेमका कशाचा करायचा?

वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत सात पत्रं एकाच विषयाभोवतीची निघाली. वेगवेगळ्या खात्यांतल्या, संस्थांतल्या, धंद्यांतल्या माणसांना एकत्र आणून आपल्या भागातलं रोजचं जगणं सुधारणाऱ्यांचा गौरव करायचा आहे, तो कसा करावा? मी एकतीस वर्षं समाजसेवा अधीक्षक म्हणून काम केलं. त्यातली बरीचशी वर्षं एका खात्याचा निरोप दुसऱ्या खात्यापर्यंत पोहोचवण्यात गेली. त्यामुळे हा विषय मला फार जवळचा आहे. इतर पत्रं पुढच्या महिन्यासाठी ठेवून या वेळी हीच घेते.

ताई, आमच्या रहिवासी मंडळानं यंदापासून एक गौरव सुरू करायचं ठरवलं आहे. शाळा, दवाखाना, व्यापारी आणि पालिका यांना सोबत घेऊन काम करणाऱ्या व्यक्तीला तो द्यायचा आहे. पहिल्याच बैठकीत सगळ्यांनी एकच नाव घेतलं. माणूस चांगला आहे, पण काम त्यांनी एकट्यानं केलेलं नाही, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. निवड कशी करावी?

तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. 'हेही सगळ्यांना ठाऊक आहे.' अगदी हेच मलाही ठाऊक होतं, तरी मी चूक केली. ती आधी सांगते.

आमच्या आरोग्य केंद्रात लसीकरण सकाळी साडेनऊ ते साडेबारा चालायचं. त्या भागातल्या कितीतरी बाया कारखान्यात पहिल्या पाळीला असत. पाळी दोनला सुटायची, बस पावणेतीनला केंद्रासमोर थांबायची, तोवर आमच्या दाराला कुलूप. नोंदवहीत त्यांच्या मुलांच्या नावापुढे 'गैरहजर' असा शेरा पडायचा. वर्षानुवर्षं आम्ही तो शेरा मारत होतो, आणि बैठकांत 'पालकांमध्ये जागृती नाही' असं म्हणत होतो.

केसपेपर काढणाऱ्या आमच्या एक बाई होत्या. त्यांनी नोंदवहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर वेगळंच लिहायला सुरुवात केली. आई पुन्हा कधी आली की त्या विचारायच्या, त्या दिवशी का जमलं नाही, आणि मिळालेलं उत्तर तारखेसह टिपून ठेवायच्या. निळ्या शाईत, बारीक अक्षरांत सहा पानं भरली. सहा पानांत दोनच कारणं पुन्हा पुन्हा येत होती, पाळी आणि बस. त्या पानांची नक्कल घेऊन त्या आधी आगारात वेळापत्रक पाहणाऱ्या कारकुनाकडे गेल्या, मग कारखान्याच्या टाइमकीपरकडे, मग शाळेच्या मुख्याध्यापिकांकडे. आठ महिने लागले. शेवटी बस वीस मिनिटं आधी सुटू लागली. लहान मूल असलेल्या आईला महिन्यातून एक दिवस पंधरा मिनिटं लवकर सोडायचं आणि पगार कापायचा नाही, एवढं कारखान्यानं मान्य केलं. शाळेनं दुपारी तीननंतर एक वर्ग मोकळा करून दिला, आणि आमच्या डॉक्टरांनी महिन्यातला एक बुधवार दुपारचा केला.

वर्षअखेरीस सत्कार ठरला. यादी मी केली होती. यादीत एकच नाव होतं, डॉक्टरांचं. ते खरोखर चांगले होते, आणि भाषणात 'सर्वांचं सहकार्य लाभलं' असंही ते म्हणाले. केसपेपरच्या बाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. खिडकीवरून थेट आल्या होत्या, नोंदवही मांडीवरच होती. टाइमकीपरला तर आमंत्रणही गेलं नव्हतं. पुढे दोन-तीन महिन्यांनी कारखान्यात नवा पर्यवेक्षक आला आणि त्यानं ती पंधरा मिनिटांची सवलत बंद केली. मी टाइमकीपरला फोन केला. आधी हाच माणूस आमच्यासाठी वरिष्ठांशी भांडला होता. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुमच्या डॉक्टरांनाच बोलायला सांगा ना." त्याला राग नव्हता आला, तो फक्त बाजूला झाला होता. सवलत पुन्हा सुरू व्हायला वर्ष गेलं.

म्हणून मंडळाला एवढंच सुचवते. 'हे काम कोणी केलं?' असं बैठकीत विचारू नका, कारण बैठकीत जो दिसतो त्याचंच नाव येतं. त्याऐवजी दवाखान्यात, शाळेत, व्यापाऱ्यांकडे, पालिकेत वेगवेगळं जाऊन विचारा. तुमच्याकडे या कामासाठी पहिल्यांदा कोण आलं? कोणाच्या शब्दावर तुम्ही हो म्हणालात? काही अडलं तेव्हा फोन कोणाला केलात? मंडळाबाहेरच्या माणसानं विचारलं तर आणखी बरं. चार वेगळ्या दारांतून एकच नाव आलं, तर ती व्यक्ती तुमची. आणि तसं एक नाव आलंच नाही, तर तुमच्याकडे एका व्यक्तीचं नव्हे, गटाचं काम झालेलं आहे.

गटाचं काम असेल तर एकच गौरव चौघा-पाचजणांत वाटायचा का? त्यानं त्याचं वजन कमी होतं, असं आमच्या अध्यक्षांचं म्हणणं आहे.

अध्यक्षांना दोन उदाहरणं सांगा.

१९६३ सालचा सामुदायिक नेतृत्वाचा रॅमन मॅगसेसे पुरस्कार तिघांना मिळून दिला गेला. त्रिभुवनदास पटेल, वर्गीस कुरियन आणि दारा खुरोडी. पटेल खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचे पुढारी, सहकारी दूध संघाचे अध्यक्ष. कुरियन त्याच संघाचे व्यवस्थापक, शिक्षणानं अभियंते. खुरोडी सरकारी बाजूचे, मुंबईच्या दूध योजनेचा कारभार पाहणारे. म्हणजे एकीकडे दूध पिकवणारे आणि विकणारे, दुसरीकडे ते शहरासाठी विकत घेणारे. व्यवहारात ही दोन माणसं टेबलाच्या समोरासमोरच्या बाजूंना बसतात. निवड करणाऱ्यांनी सरकारी यंत्रणा आणि खासगी उद्योग यांची सांगड घातली गेली याकडे पाहिलं. एका बाजूला महानगराला चांगलं दूध मिळालं, दुसऱ्या बाजूला खेड्यांतल्या उत्पादकांचं राहणीमान सुधारलं. यातलं एक नाव गाळलं असतं तर सांगड घातली गेली हे दिसलंच नसतं. पुरस्कार तिघांत वाटला म्हणून कोणाचंच वजन कमी झालेलं नाही.

दुसरं उदाहरण २०१५ च्या शांततेच्या नोबेलचं. ट्युनिशियात देश यादवीच्या उंबरठ्यावर असताना २०१३ मध्ये चार संघटना एकत्र आल्या. कामगारांची महासंघटना, उद्योजकांचा महासंघ, मानवी हक्कांची संघटना आणि वकिलांची संघटना. कामगार आणि मालक एका बाजूला बसले, हीच मुळात मोठी गोष्ट. नोबेल समितीनं पुरस्कार जाहीर करताना मुद्दाम स्पष्ट केलं की हा सन्मान चार संघटनांना सुटा सुटा नाही, त्यांच्या चौकडीला आहे. मला हे फार मोलाचं वाटतं. चौघांनी मिळून जी पाचवी गोष्ट उभी केली, तिला त्यांनी नाव दिलं.

तुम्हीही तसंच करू शकता. त्या कामाला एक नाव द्या, मानपत्र त्या नावानं काढा, आणि आत सगळ्यांची नावं सारख्याच आकाराच्या अक्षरांत छापा. प्रत मात्र प्रत्येकाला स्वतंत्र द्या. एकच फ्रेम केली तर ती कोणाच्या कार्यालयात लावायची यावरून नवा वाद सुरू होतो. तसा वाद मी पाहिला आहे.

कार्यक्रमाचा खर्च एक कंपनी उचलते आहे. त्यांच्या व्यवस्थापकांचं नावही सत्कारमूर्तींत घ्यावं असा त्यांचा आग्रह आहे. कामासाठी त्यांनी निधी दिला होता हे खरं. काय करावं?

निधी दिला असेल तर जाहीर आभार माना, मनापासून माना. देणगी हीही चांगलीच गोष्ट आहे. पण हा गौरव सहकार्याचा आहे, आणि सहकार्य ओळखायची माझी एक साधी कसोटी आहे. या कामासाठी त्या संस्थेनं स्वतःच्या घरात काय बदललं?

आगारानं वेळापत्रक बदललं. शाळेनं वर्गाची किल्ली दिली, म्हणजे संध्याकाळी कुलूप लावायला शिपायाला थांबावं लागलं आणि त्याच्या ड्युटीची वेळही बदलली. डॉक्टरांनी आपला बुधवार बदलला. धनादेश देणाऱ्याला यातलं काही करावं लागत नाही. त्याचं आतलं सगळं जसंच्या तसं राहतं.

त्या कंपनीत चौकशी करा. कोणीतरी रोजच्या कामातली सवय मोडून मदत केली असेल. मालाची गाडी शाळा सुटायच्या वेळी गल्लीतून न्यायची नाही असं ठरवणारा गोदामाचा माणूस असेल, नाहीतर कामगारांच्या तपासणीला जागा मिळवून देणारी मनुष्यबळ विभागातली मुलगी असेल. तसं कोणी सापडलं तर त्याचं नाव घ्या. व्यवस्थापकांना सांगा की तुमच्या कंपनीचा सन्मान या माणसाच्या हातून होतो आहे, आणि आम्हाला तो करायचाच आहे. बहुतेक व्यवस्थापक हे समजून घेतात. आणि कोणीच सापडलं नाही, तर निधी परत करायची तयारी ठेवूनच 'नाही' म्हणा. पहिल्या वर्षी ही जागा पैशानं मिळाली, तर दुसऱ्या वर्षापासून खरी माणसं तिथे यायचीच नाहीत.

आमचं काम सुरू होऊन जेमतेम दोन वर्षं झाली. आकड्यांत अजून फारसं काही दिसत नाही. काहीजण म्हणतात, निकाल दिसल्याशिवाय गौरव नको. तुमचं मत?

फिनलंडमधल्या नॉर्थ करेलिया या प्रांताची हकीकत मला इथे आठवते. १९७० च्या सुमारास तिथे ऐन कर्त्या वयातले पुरुष हृदयविकारानं जात होते. जगात असं प्रमाण फार थोड्या ठिकाणी होतं. १९७१ मध्ये प्रांतातल्या लोकांच्या प्रतिनिधींनीच सरकारकडे अर्ज केला, की आमच्यासाठी काहीतरी करा. १९७२ मध्ये प्रकल्प सुरू झाला, आणि त्याची धुरा तिशीही न गाठलेल्या पेक्का पुस्का या डॉक्टरकडे आली. त्यांनी दवाखान्यात बसून काम केलं नाही. गृहिणींच्या मार्था या संघटनेला सोबत घेतलं, कारण रोजचा स्वयंपाक त्यांच्या हातात होता. शाळा, वर्तमानपत्रं, दुकानदार आले. दुग्धव्यवसाय आणि मांसाचे पदार्थ बनवणारे कारखाने तर या बदलानं दुखावले जाणार होते, तरी त्यांच्याशीही बोलणं चालू ठेवलं. गावागावांतली, ज्यांचा शब्द मानला जातो अशी साधी माणसं हेरून त्यांना तयार केलं. पुढच्या चार दशकांत तिथल्या कर्त्या वयातल्या पुरुषांमधलं हृदयविकारानं होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक घटलं.

पण १९७४ मध्ये, म्हणजे दोन वर्षांनी, त्यातलं काय दिसत होतं? काही स्वयंपाकघरांत बदललेली भांडी, काही बैठका, काही नाराज दूध उत्पादक. तेव्हाच निकाल मागितला असता तर काम तिथेच थांबलं असतं.

म्हणून दोन वर्षांनी गौरव जरूर करा, मात्र 'यश मिळवल्याबद्दल' असं लिहू नका. जे झालं आहे तेवढंच लिहा. अमुक खातं आणि तमुक संस्था दर महिन्याला भेटू लागल्या, चोवीसपैकी वीस बैठका झाल्या, हे दोन नियम बदलले. हेही काम खरंच आहे, आणि त्याच्या नोंदी तपासता येतात. त्याच फिनलंडच्या प्रकल्पात पुढे गावागावांत कोलेस्टेरॉल कमी करायच्या स्पर्धा झाल्या. बक्षीस कुणा एका माणसाला नसायचं, संपूर्ण गावाची सरासरी मोजली जायची. ही कल्पना मला इतकी आवडली होती की निवृत्तीआधी आमच्या भागातल्या तीन वाड्यांत पाण्याच्या टाक्या साफ ठेवण्यासाठी मी ती वापरून पाहिली. मोजणी कोण करणार यावर पहिले दोन महिने गेले. शेवटी प्रत्येक वाडीची मोजणी शेजारच्या वाडीनं करायची असं ठरलं, आणि तिथून गाडी रुळावर आली.

आमच्या भागात सगळ्यांना जोडणाऱ्या बाई कुठल्याच पदावर नाहीत. घरून फोन करतात, निरोप देतात, आठवण करतात. त्यांना 'नेतृत्व' या नावाखाली गौरवायला काही सदस्यांचा विरोध आहे.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. १९७० च्या दशकात त्या आणि त्यांचे सहकारी पोलिसांच्या कामाचा अभ्यास करत होते. त्यांनी एक साधी गोष्ट मांडली. मोहल्ल्यातली सुरक्षितता पोलीस एकटे तयार करत नाहीत. खबर देणारा, लक्ष ठेवणारा, शेजाऱ्याला सावध करणारा रहिवासी ती त्यांच्याबरोबर तयार करतो. याला त्यांनी सहउत्पादन म्हटलं. तुमच्या बाईही पद नसताना हेच करताहेत.

विरोध करणाऱ्या सदस्यांना एक करायला सांगा. त्या बाईंनी आठवडाभर एकही फोन केला नाही तर कोणकोणतं काम अडेल, याची यादी त्यांनी स्वतःच्या हातानं करावी. मग 'नेतृत्व' म्हणायचं की नाही, ते त्यांनीच ठरवावं.

एका सरकारी कर्मचाऱ्याची फार मदत झाली. त्यांची आता बदली होते आहे. त्यांना स्टेजवर बोलावलं तर चालेल का?

सरकारी नोकरीत जाहीर सत्कार स्वीकारायला वरिष्ठांची आगाऊ परवानगी लागू शकते. ती आधी लेखी घ्या, नाहीतर तुमचं प्रेम त्यांच्या अंगाशी येईल. स्टेजपेक्षाही उपयोगी अशी एक गोष्ट करा. त्यांच्या वरिष्ठांना मंडळाच्या लेटरहेडवर सविस्तर पत्र लिहा. त्यात तारखा, काम, त्यांनी नेमकं काय केलं, हे सगळं येऊ द्या, आणि पत्राची पोच घ्या. असं पत्र फाइलला लागतं आणि बदलीनंतरही त्यांच्यासोबत जातं. आणि हो, निघण्याआधी त्यांच्या जागी येणाऱ्या माणसाशी त्यांच्याच तोंडून तुमची ओळख करून घ्या. मी जिथे जिथे हे करायला विसरले, तिथे सहा महिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. नमुने पाहिले, सगळ्यांत 'अथक परिश्रम', 'निःस्वार्थ सेवा' हेच शब्द आहेत. काय लिहू?

ते शब्द वाईट नाहीत, पण कोणालाही लागू पडतात, म्हणून ज्यांच्यासाठी लिहिलेत त्यांना ते आपले वाटत नाहीत. सुरुवात अडचणीपासून करा. तारीख टाका, जागा टाका. मग कोणी काय बदललं ते क्रियापदांत लिहा. गेले, विचारलं, लिहून ठेवलं, परत गेले. विशेषणं एकदोनच ठेवा.

आणि छापायच्या आधी ज्यांच्यावर लिहिलंय त्यांनाच ते वाचून दाखवा. अचानक आनंद द्यायचा मोह होतो, पण तो टाळा.

त्या सत्कारानंतर चार वर्षांनी आम्ही केसपेपरच्या बाईंचं मानपत्र केलं. उशीर झाला होता, तरी केलं. मसुदा मीच लिहिला आणि दुपारी खिडकी बंद झाल्यावर त्यांच्यासमोर वाचला. त्या हात पुसत उभ्या राहून ऐकत होत्या. पहिल्याच परिच्छेदात त्यांनी मला थांबवलं. "पहिल्यांदा आगारात गेले तो मंगळवार नव्हता मॅडम, गुरुवार होता. मंगळवारी त्यांचा साहेब रजेवर होता." मी दुरुस्ती केली. शेवटापर्यंत ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "यात त्या ड्रायव्हरचं नाव नाही का येणार? बस पाच मिनिटं थांबवून बायांना कुलूप दाखवायचा तो. मला पहिल्यांदा त्यानंच सांगितलं होतं."

मला हे ठाऊकच नव्हतं. मसुदा पुन्हा लिहायला घेतला, आणि ड्रायव्हरचं पूर्ण नाव विचारायला त्या स्वतः आगारात गेल्या.